राउरकेल्याचे जर्मन आणि साहेबपणाचा करार

शाळेच्या भूगोलात 'जोड्या लावा' या प्रश्नात एक त्रिकूट हमखास असे: भिलाई आणि सोव्हिएत रशिया, राउरकेला आणि पश्चिम जर्मनी, दुर्गापूर आणि ब्रिटन. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५६ ते ६१) उभे राहिलेले हे तीन सरकारी पोलाद कारखाने, प्रत्येकी सुमारे १० लाख टन क्षमतेचे. यंत्रे कुठून आली एवढे या जोड्या सांगतात. यंत्रांबरोबर माणसेही आली, तापत्या उन्हात वर्ष-दोन वर्षे राहिली, आजारी पडली, त्यांनी नोकर ठेवले, संध्याकाळी काय करायचे या विवंचनेत दारूच्या बाटल्या रिकाम्या केल्या. त्यांच्याबद्दल पुस्तक गप्प आहे. त्यांच्या मागे उरला तो एक शेरा: जर्मन मग्रूर होते, रशियन मिळूनमिसळून वागले. हा शेरा इतक्यांदा उगाळला गेला आहे की तो पुरावा मागत नाही. पण पुरावा पाहिला तर वेगळेच दिसते. परक्या, गरीब देशात कामाला आलेला माणूस तिथे कसा राहतो हे त्याच्या पासपोर्टपेक्षा त्याच्या करारनाम्यावर जास्त ठरते, आणि राउरकेला हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

याची पूर्वपीठिका जमशेदपुरात सापडते. टाटांची पोलाद कंपनी १९०७ साली मुंबईत स्थापन झाली आणि साकची नावाच्या खेड्यात कारखाना उभा राहिला. डिसेंबर १९११मध्ये तिथली पहिली झोतभट्टी पेटली आणि फेब्रुवारी १९१२मध्ये पहिले पोलाद निघाले. भट्ट्या चालवणारे कुशल हात बाहेरचे होते: झोतभट्ट्यांवर अमेरिकन, पोलाद गाळण्याच्या खात्यात जर्मन, रोलिंग मिलमध्ये इंग्रज. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि जर्मनांची गच्छंती झाली. ही माणसे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधली नव्हती. मायदेशी ती भट्टीपुढे घाम गाळणारी, कारखान्याच्या पाळीवर जाणारी माणसे होती. इथे येताना मात्र त्यांच्या करारात येण्याजाण्याचे भाडे, देशी कामगाराच्या कितीतरी पट पगार आणि राहायला बंगला होता. गावाचा नॉर्दर्न टाऊन हा भाग त्यांच्यासाठी आखलेला. जॉन कीनन हा अमेरिकन याच वाटेने येऊन पुढे जनरल मॅनेजर झाला. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींत हे जग आतून दिसते. १९२१ साली कंपनीने आपली तंत्रशाळा काढली, एकेक जागा भारतीयांकडे येत गेली आणि १९३८ साली जहांगीर गांधी हे पहिले भारतीय जनरल मॅनेजर झाले. बंगले मात्र तसेच राहिले. म्हणजे साहेबपण ही गोऱ्या कातडीबरोबर येणारी आणि तिच्याबरोबरच जाणारी वस्तू नव्हती. ती कंपनीने बांधलेली जागा होती. बसणारा बदलला तरी जागा शाबूत राहत होती.

राउरकेल्यात ही जागा नव्याने आणि फार घाईने बांधली गेली. ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यात, शंख आणि कोयल या नद्यांचा संगम होऊन ब्राह्मणी सुरू होते तिथून जवळच हा कारखाना आहे. १९५३ साली भारत सरकारने क्रुप आणि डेमाग या दोन जर्मन कंपन्यांच्या जोडगोळीशी करार केला. हा उघड व्यापार होता; मदतीची भाषा नंतर आली. शिवाय या जोडगोळीचे काम मुख्यतः सल्ल्याचे होते. प्रत्यक्ष यंत्रसामग्रीच्या ऑर्डरी तीसेक जर्मन कंपन्यांत वाटल्या गेल्या, त्यांनी आपापले पोटकंत्राटदार आणले आणि प्रत्येकाने आपापले जोडारी पाठवले. कामाचा जोर होता तेव्हा राउरकेल्यात हजाराहून अधिक जर्मन होते, पण त्या सर्वांचा मिळून एक मालक नव्हता. एका कंपनीचा माणूस दारू पिऊन बाजारात धिंगाणा घालतो म्हणून दुसऱ्या कंपनीचा इंजिनिअर त्याला काही बोलू शकत नव्हता. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तोवर ही विस्कळीत वसाहत जर्मन वृत्तपत्रांत बदनाम होऊ लागली होती.

या वसाहतीचा सर्वांत बारकाईने अभ्यास केला तो यान बोडो श्पेरलिंग यांनी. १९५८ ते १९६२ या काळात ते राउरकेल्यातले जर्मन समाजकेंद्र चालवत होते, आणि १९६५ साली त्यांनी 'राउरकेल्याचे जर्मन' या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचा विषय होता तो मुख्यतः जोडारी. तो आपल्या कामात तरबेज होता. निघण्यापूर्वी मात्र त्याला भारताबद्दल कोणी धड काही सांगितलेले नव्हते, इंग्रजी बेताचे किंवा मुळीच नाही, हिंदी-ओडियाचा तर प्रश्नच नव्हता. करार थोड्या मुदतीचा, त्यामुळे बहुतेकांची बायकापोरे मागेच राहिलेली. दिवस कामात निघून जाई. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे गेलेला, उन्हात तापलेली लोखंडी चौकट हाताला चटके देते, हाताखालच्या मजुरांना सांगायचे ते खुणांनी आणि आरडाओरड्याने. त्या आरड्याओरड्याला समोरचा 'उर्मटपणा' म्हणतो आणि त्यात त्याचे चुकत नाही. पण भाषा नसलेल्या, मुदतीच्या टाचेखाली असलेल्या माणसापाशी दुसरे साधन काय होते, हेही विचारायला हवे. पाळी संपली की खोली, आणि खोलीबाहेर क्लब. बाजारात बोलता येत नाही, सिनेमा कळत नाही, सहकारी भारतीय इंजिनिअरच्या घरी जाण्याची ओळख नाही. अशा माणसाची संध्याकाळ कुठे जाणार हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

आणि घरात होती आया. रूर खोऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, स्वतःचा डबा स्वतः भरून नेणाऱ्या माणसाला इथे स्वयंपाक, धुणे, केरवारा यांना बाई मिळाली. तिचा पगार त्याच्या कमाईपुढे किरकोळ होता. यांतल्या पुष्कळशा बाया आसपासच्या आदिवासी समाजातल्या होत्या. काही घरांत हे नाते मोलकरणीपुरते राहिले नाही, आणि 'राउरकेल्याच्या आया' हा विषय चेष्टेचा, चीड आणणारा आणि पुढे जर्मन पत्रकारांच्या मथळ्यांचा झाला. नैतिक संतापाच्या भरात यात एक गोष्ट हरवली. कारखान्यासाठी जमिनी गेल्या त्या याच आदिवासींच्या. विस्थापितांना जलदा आणि झिरपानी इथल्या वसाहतींत हलवले गेले. ज्या मुलखातल्या बायका कालपर्यंत स्वतःच्या शेतात राबत होत्या, तिथे शेत गेल्यावर हाताशी जी रोकड मजुरी उरली, तिच्यात साहेबाच्या घरचे काम होते. एकटा पुरुष एका करारनाम्याने आला होता आणि बाईच्या पोटापाण्याचा आधार एका भूसंपादनाने गेला होता. दोघे एका छपराखाली आले ते दोन सरकारी कागदांच्या योगाने. त्यात बळाची बाजू कोणाची होती हे सांगायला नको.

आता भिलाई. भिलाई ज्यात आहे तो दुर्ग जिल्हा १९५६पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता, आणि राउरकेल्याप्रमाणे भिलाईही नागपूरहून हावड्याला जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. फेब्रुवारी १९५५मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला तो सरकार-सरकारांत, अडीच टक्के व्याजाच्या कर्जासह. यंत्रे, आराखडे आणि माणसे या सर्वांची जबाबदारी एका बाजूने सोव्हिएत राज्यसंस्थेने घेतली. मुख्य अभियंता वेनियामिन दिम्शित्स हे पुढे सोव्हिएत सरकारात उपपंतप्रधान झाले, यावरून भिलाईला मॉस्को किती महत्त्व देत होता ते कळते. परदेशी जाणारा माणूस पक्षाच्या चाळणीतून निवडला जाई, त्याच्या दिमतीला दुभाषे असत, आणि इथले गैरवर्तन म्हणजे परतीचे तिकीट हे त्याला पक्के ठाऊक होते. भट्टी पेटवून हात झटकायचे नव्हते. ती चालवायला भारतीयांना शिकवणे हाही कामाचा भाग होता. भारतीय सहकारी त्यामुळे हरकाम्या नव्हता, शिष्य होता. 'रशियन कॉम्प्लेक्स' हे नाव भिलाईत अजून आहे. म्हणजे तिथेही वेगळी वसाहत होतीच. फरक होता तो कुंपणाच्या आत कोणाचा हुकूम चालतो यात.

यावर पहिला आक्षेप असा की, हे सगळे ठीक, पण जातीचा गुण म्हणून काही असतोच. जर्मन माणूस मुळातच हेकट. याला उत्तर राउरकेल्याच्या आसपासच आहे. जर्मन माणसे छोटा नागपूरच्या याच मुंडा-उरांव मुलखात १८४५पासून राहत होती. ते गॉस्नर मिशनचे पाद्री होते. मिशनऱ्यांच्या हेतूंबद्दल वाद घालावा तेवढा थोडाच, पण त्यांच्या कामाला भाषेवाचून सुरुवातच होत नव्हती. त्यांच्यातल्या फर्डिनांड हान यांचे उरांवांच्या कुडुख भाषेचे व्याकरण १९०० साली छापले गेले. देश तोच, समोरचा समाज तोच, आणि एकाने त्या समाजाच्या क्रियापदांची रूपे मांडली तर दुसऱ्याला 'पाणी आण' यापलीकडे बोलता आले नाही. दुसरे उदाहरण राउरकेल्याच्याच दशकातले आहे. १९५९च्या करारानुसार मद्रासच्या आयआयटीत पश्चिम जर्मनीने प्राध्यापकांबरोबर कार्यशाळेचे फोरमनही पाठवले. हा फोरमन राउरकेल्याच्या जोडाऱ्याचा सख्खा भाऊ शोभावा असा माणूस. पण त्याला शिकवायला धाडले होते, त्याचे यश विद्यार्थ्याच्या हातात मोजले जाणार होते. राउरकेल्यासारखी बदनामी त्या जर्मनांच्या वाट्याला आली नाही. राष्ट्रीय स्वभाव जर खरोखर निर्णायक असता, तर तो ओडिशात जागा आणि मद्रासला झोपलेला असा राहिला नसता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भिलाईच्या रशियनांची सभ्यता हा धाकाचा परिणाम होता, मग तिचे कौतुक कशाला? कौतुक करण्याचे कारण नाहीच. जिथे चहाच्या कपापाठीमागेही कोणीतरी पाहणारा असेल, तिथे निखळ मैत्रीला जागा थोडी. पण या आक्षेपाने माझा मुद्दा मोडत नाही, उलट पक्का होतो. रशियन माणूस मोठ्या मनाचा आणि जर्मन कोत्या मनाचा, हा शेरा मग दोन्ही बाजूंनी गळून पडतो. दोघेही आपापल्या व्यवस्थेने घडवल्याप्रमाणे वागत होते. एकावर फार पाळत होती, दुसऱ्यावर कोणाचेच लक्ष नव्हते. पवईच्या आयआयटीत युनेस्कोमार्फत सोव्हिएत तज्ज्ञ आले, तेही शिकवण्याच्या कामावर. आणि तिथल्या आठवणींत ते 'रशियन' कमी आणि 'प्राध्यापक' जास्त असले तर त्यात नवल नाही.

तिसरा आक्षेप असा येईल की, सगळे खापर करारावर फोडले तर माणूस सुटतो. मोलकरणीला मारणाऱ्याच्या करारात मारण्याचे कलम नव्हते. हे खरे आहे, आणि ज्याने हात उचलला तो दोषीच. पण इतिहासाचा प्रश्न एका माणसाच्या दोषाचा नसतो; एकाच ठिकाणी, एकाच काळात इतक्यांचे वागणे एकाच साच्याचे का झाले, हा असतो. गोऱ्या वर्चस्वाचा गंडही होता, पण तो भिलाईच्या युरोपीय पाहुण्यांत आणि मद्रासच्या फोरमनमध्ये नव्हता असे कोण म्हणेल? गंड मनात असतो. त्याला बंगला, नोकर आणि बिनजबाबदारी मिळाली की तो अंगात येतो. यात भारतीय बाजूही हात वर करू शकत नाही. स्वतंत्र भारताच्या पोलादनगरांत घरांचे प्रकार हुद्द्याप्रमाणेच आखले गेले. साहेबांचा भाग आणि मजुरांचा भाग हे जमशेदपूरचे गणित सरकारी कारखान्यांनीही गिरवले. परदेशी जोडारी त्या नकाशात वरच्या खणात टाकला गेला, आणि तो टाकणारे आपलेच लोक होते.

हा वाद वागणुकीपुरता राहिला असता तर तो चहाड्यांचा विषय ठरला असता. त्याची किंमत पोलादात मोजली गेली. यंत्रे उभी करून देणे एवढ्यावर अनेक जर्मन कंपन्यांचा करार संपत होता, म्हणून त्यांची माणसे गेली आणि ऑक्सिजन फुंकून पोलाद करण्याची, भारताला सर्वस्वी नवी असलेली पद्धत अर्धवट शिकलेल्या हातांत राहिली. उत्पादन अडखळले. १९६२ साली पश्चिम जर्मन सरकारला झोलफेन यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचे पथक पाठवून चौकशी करावी लागली, आणि देखभालीसाठी जर्मन तंत्रज्ञ पुन्हा आणावे लागले. ज्या करारात शिकवण्याला जागा नव्हती त्यानेच माणसांतले अंतरही वाढवले आणि भट्टीही थंडावली; दोन्ही गोष्टींचे मूळ एकच. जर्मनीत १९६१ साली आर्थिक सहकार्याचे वेगळे मंत्रालय निघाले आणि १९६३ साली विकाससेवा सुरू झाली, तेव्हा माणूस धाडण्यापूर्वी त्याला भाषा आणि देश शिकवणे हा कामाचा रीतसर भाग ठरला.

म्हणून राउरकेला, भिलाई, जमशेदपूर यांचा इतिहास लिहिताना कोणत्या देशाचे लोक चांगले या प्रश्नाला फारशी किंमत देऊ नये. विचारायचे ते असे: त्याला कोणी पाठवले, किती दिवसांसाठी, कुटुंबासह की एकट्याला, शिकवायला की नुसते उभारायला, चुकला तर जाब कोण विचारणार, आणि त्याच्या घरी राबायला आलेली बाई तिथवर कशी पोहोचली. आज आपल्याकडचे फिटर, वेल्डर आणि इंजिनिअर आफ्रिकेत, आखातात कामाला जातात आणि आपल्याकडे परदेशी तंत्रज्ञ मेट्रोच्या बोगद्यांवर येतात. त्यांच्या वागण्याबद्दल शेरे मारायला आपण आजही तितकेच तत्पर आहोत. त्याआधी करारनामा मागून वाचावा. बहुतेक शेऱ्यांचे कारण त्यात मिळेल, आणि जे बदलता येण्यासारखे आहे तेही त्यातच लिहिलेले असेल.