पेटीतील कण : संभाव्यता घनतेचे प्रसामान्यीकरण

पुंजयामिकीत कणाच्या तरंग फलनातील स्थिर गुणांक असा निवडतात की, कण उपलब्ध अवकाशात कोठे तरी आढळण्याची एकूण संभाव्यता बरोबर १ यावी. या क्रियेस प्रसामान्यीकरण म्हणतात. आज ही अट उघड वाटत असली, तरी तिचे गणिती रूप आधी प्रचारात आले व तिचा आजचा अर्थ नंतर निश्चित झाला.

एर्व्हीन श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये तरंग समीकरण मांडले. त्याच वर्षीच्या चौथ्या निबंधात त्यांनी तरंग फलनाच्या केवल मूल्याच्या वर्गाचा संबंध विद्युत् भाराच्या वाटणीशी जोडला, त्याचा समाकल १ घेतला आणि हा समाकल कालानुसार बदलत नाही, असे सिद्ध केले. त्यांच्या दृष्टीने ही एकूण विद्युत् भाराच्या अक्षय्यतेची हमी होती. परंतु मुक्त कणाचा तरंगसमूह कालांतराने पसरत जातो. इलेक्ट्रॉन मात्र प्रत्येक वेळी अखंडच आढळतो. ही विसंगती या कल्पनेत दूर होत नव्हती.

गटिंगेन येथील माक्स बोर्न यांनी १९२६ मध्येच कणांच्या आघातांचा विचार करताना तरंग फलनाचा संबंध संभाव्यतेशी जोडला. संभाव्यता फलनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, ही दुरुस्ती त्यांनी मुद्रितशोधनाच्या वेळी तळटिपेत घातली. व्होल्फगांग पाउली यांनी १९२७ मध्ये हाच अर्थ कणाच्या स्थानास लावला. समाकल तोच राहिला. १ या संख्येचा अर्थ मात्र ‘पूर्ण भार’ याऐवजी ‘निश्चितता’ असा झाला. बोर्न यांना या कार्याबद्दल १९५४ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

अभेद्य भिंतींची एकमितीय पेटी हे याचे सर्वांत सोपे उदाहरण होय. पेटीची लांबी ल आणि एका भिंतीपासूनचे अंतर क्ष मानल्यास तरंग फलन अ ज्या (म पाय क्ष/ल) असे येते; येथे म = १, २, ३, ... होय. दोन्ही भिंतींपाशी फलन शून्य होते. ज्या-वर्गाचे पेटीभरचे सरासरी मूल्य १/२ असल्याने अ चा वर्ग × ल/२ = १ आणि म्हणून अ = √(२/ल) मिळते. ऊर्जा पातळ्या काढण्यास अ चे मूल्य लागत नाही; पण त्यावाचून संभाव्यतेचे आकडे सांगता येत नाहीत. या मूल्यानुसार पेटीच्या मधल्या तृतीयांशात कण आढळण्याची संभाव्यता न्यूनतम पातळीत सु. ६१ टक्के, तर दुसऱ्या पातळीत सु. २० टक्के येते. कण सर्वत्र सारख्याच संभाव्यतेने आढळता, तर ती सु. ३३ टक्के असती.

अनंत अवकाशातील प्रतल तरंगाचा असा समाकल अनंत होतो. म्हणून आघातांच्या गणितातही पुष्कळदा मोठी काल्पनिक पेटी घेतात. मोजता येणाऱ्या अंतिम राशीतून तिचे घनफळ निघून जाते.