पाणबुड्याचा श्वास आणि नौदलाचे कोष्टक

मीरा रोडहून विरारकडे जाणारी गाडी भाईंदर सोडते आणि वसईच्या खाडीवरील पुलावर येते. या खाडीत रेती काढण्याची एक जुनी पद्धत होती. तिला डुबी म्हणतात. माणूस छातीभर श्वास घेऊन बालदीसह तळाशी जातो, रेती भरतो आणि वर येतो. श्वास रोखून धरणे हेच त्याचे कौशल्य. उलट तारकर्लीला स्कूबाची बुडी मारून आलेली आमच्याकडील मुले सांगतात, की तिथला पहिला नियमच ‘श्वास रोखायचा नाही’ असा आहे. मग बरोबर कोण?

दोघेही. दहा मीटर खोलीवर दाब दोन वातावरणे होतो. डुबीवाल्याने वरून नेलेली सहा लिटर हवा तिथे आकसून तीन लिटर होते आणि वर येताना पुन्हा सहा. स्कूबावाला मात्र त्याच खोलीवर टाकीतून सहा लिटर हवा घेतो. ती कोंडून तो वर आला, तर तिला बारा लिटर जागा हवी. तेवढी छातीत नसते. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांना चार फुटांची चढणही इजा करू शकते. हा बॉइलचा नियम नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर सहज मांडता येईल.

दुसरा धोका लगेच दिसत नाही. दाबाखालील हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. माणूस झपाट्याने वर आला, तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सुटतात. सांधे दुखतात, कधी पक्षाघातही होतो. ब्रिटिश नौदलाने १९०५ मध्ये या प्रश्नासाठी समिती नेमली. तीत जॉन स्कॉट हाल्डेन होते. त्यांनी बोकड-शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवले. दाब उतरवल्यावर जनावर एक पाय उचलून धरू लागले, की सांधा दुखतो आहे असे समजायचे. त्यातून हाती आले ते असे : दाब निम्म्यावर आणला तर शरीर सहन करते. म्हणून तीस मीटरवरून, म्हणजे चार वातावरणांवरून, दहा मीटरपर्यंत यावे, मग टप्प्याटप्प्याने थांबत वर. १९०८ मध्ये हे संशोधन कोष्टकांसह प्रसिद्ध झाले. (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन यांनी पुढे पाणबुडीतील माणसांसाठी स्वतःवरच दाबाचे प्रयोग केले. ते १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.)

कोष्टके पुढे अमेरिकी नौदलाने सुधारली, आणि इथे एक गमतीची गोष्ट घडली. वर येण्याचा वेग पूर्वी मिनिटाला २५ फूट असे. १९५० च्या दशकात कमांडर फेन यांच्या पोहणाऱ्या पाणबुड्यांना तो १०० फूट किंवा त्याहून जास्त हवा होता. जड शिरस्त्राणवाल्यांना एवढ्या वेगाने वर येणे अशक्य. तडजोड ठरली ६० फूट. सेकंदाला एक फूट, मोजायला सोपे! हा आकडा शरीरशास्त्रातून आलेला नव्हता, तरी हौशी पाणबुड्यांच्या पुस्तकांत तो कित्येक वर्षे पवित्र समजला गेला. १९९३ च्या आवृत्तीत नौदलाने स्वतःच तो ३० फुटांवर आणला.

हौशी मंडळींनी नौदलाची कोष्टके जशीच्या तशी उचलली होती, ही आमच्या मते मोठी चूक. ती तरुण, कसलेल्या जवानांसाठी होती. त्यांच्याजवळ पर्यवेक्षक असे आणि बऱ्याचदा उपचाराची दाबकोठीही. सुट्टीत मालवणला गेलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या, थोडे पोट सुटलेल्या आपल्यासारख्या शिक्षकाजवळ यांतले काय असते? नौदलाचे कोष्टक ६० फुटांवर ६० मिनिटे देई. १९८८ मध्ये हौशींसाठी स्वतंत्र तपासण्या करून आलेल्या कोष्टकाने ती ५५ केली, आणि १०० फुटांवर २५ ची २०. शिवाय वर येताना सुमारे पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची सवय लावली गेली.

डुबीवाल्यासाठी अशी पुस्तिका कोणी लिहिली नाही. गढूळ पाणी, भरती-ओहोटीची ओढ, कानाच्या पडद्यावरचा दाब, सगळे त्याने अंगावर झेलले. त्याच्या शरीराचे आकडे कोणत्याच कोष्टकात नाहीत.

सहल नेणाऱ्यांसाठी नव्या पुस्तिकांतील एक पान कामाचे आहे. बुडीनंतर उंचीवर जाण्यापूर्वी किती थांबावे, याचे नौदलाचे वेगळे कोष्टक आहे, कारण उंचीवर हवेचा दाब आणखी उतरतो. हौशींसाठी विमानप्रवासापूर्वी एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, असा सल्ला आहे. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे. पाच-सहा मीटरच्या ओळखीच्या बुडीत हा धोका अगदी थोडा. पण खोल बुड्या मारून कोल्हापूरमार्गे परतणाऱ्यांनी वेळापत्रकात बुड्या पहिल्या दिवशी आणि घाट दुसऱ्या दिवशी लिहावा.