मधुरिका पाटकर : हरल्यानंतर जिंकलेली लढत

मधुरिका सुहास पाटकर या ठाण्याच्या टेबल टेनिसपटू. २०१७ मध्ये त्या महिला एकेरीच्या राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेपर्यंत महिला सांघिक सुवर्ण दर वेळी सिंगापूरकडेच गेले होते. अंतिम सामन्यात मणिका बत्रा पहिली लढत जिंकल्या, मधुरिका दुसरी हरल्या. बरोबरी झाली. लगेच दुहेरीत मौमा दास यांच्यासोबत मधुरिका पुन्हा उतरल्या. समोर नुकतीच त्यांना हरवलेली यू मेंग्यू होती. ती लढत भारताने जिंकली आणि मणिका यांनी पुढची जिंकून ३-१ असा निकाल लावला. नाव मणिका यांचे गाजले, ते रास्तच. आम्हाला मात्र ती दुहेरी जास्त मोलाची वाटते.

दौंड तालुक्यातील भांडगावसारख्या गावात हा खेळ कबड्डीसारखा मैदानावर भागत नाही. चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, वाऱ्याने भरकटतो. बंद हॉल लागतो. टेबल पावणेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद. मागे-पुढे हलायला मोकळी जागा हवी. समाजमंदिर मोठे असेल तर ती निघते. संध्याकाळी तिथे मुलींना खेळायला मिळते का, हे आधी विचारायला हवे.