इंग्रजधार्जिणे कोण? महायुद्धातला रेडिओ आणि बाबासाहेबांचे १९४२ चे भाषण

१४ एप्रिल जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. १९४२ साली सगळा देश इंग्रजांना 'चले जाव' म्हणत होता, तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले होते, म्हणून ते इंग्रजधार्जिणे, असा त्याचा आशय असतो. १९९७ साली अरुण शौरींनी या आरोपावर अख्खे पुस्तक लिहिले. आपली पोरं उत्तरादाखल शिव्या देतात, नाहीतर संविधानाचा फोटो टाकतात. त्याने समोरच्याचे तोंड बंद होत नाही. मुळात हा 'सगळा देश' म्हणजे कोण आणि त्याचे मत घडवत कोण होते, हे विचारले पाहिजे.

दुसरे महायुद्ध जेवढे तोफांचे होते तेवढेच रेडिओचे होते. त्याची सुरुवात अरब जगात झाली. मुसोलिनीच्या इटलीने १९३४ पासून बारी शहरातून अरबी कार्यक्रम सुरू केले आणि इंग्रजांविरुद्ध अरबांची मने तापवायला घेतली. उत्तर म्हणून ३ जानेवारी १९३८ रोजी बीबीसीची अरबी सेवा सुरू झाली. पहिल्याच दिवशीच्या बातमीपत्रात पॅलेस्टाइनमध्ये इंग्रजांनी एका अरबाला फाशी दिल्याची बातमी होती. लंडनच्या अधिकाऱ्यांना ते मुळीच आवडले नाही. एक साम्राज्य दुसऱ्या साम्राज्याचे पाप सांगत होते आणि दोघेही अरबांचे कैवारी म्हणवत होते.

हेच मग आपल्याकडे आले. बीबीसीची हिंदुस्तानी सेवा मे १९४० ला सुरू झाली, पुढे मराठीतूनही प्रसारण होऊ लागले. जॉर्ज ऑर्वेल लंडनला बसून युद्धाची बातमीपत्रे लिहीत, त्यांची मराठी भाषांतरे होत आणि वेणू चितळे यांच्यासारख्या मराठी निवेदिका तिथे काम करत. तिकडे १९४२ पासून जर्मनीतून आझाद हिंद रेडिओ हिंदी भाषांमधून बोलत होता. मराठी माणसाचा कान दोघांनाही हवा होता.

पण कोणता मराठी माणूस? भंडारा जिल्ह्याचेच बघा. तेव्हा गोंदियाही याच जिल्ह्यात होते. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी इंग्रज कंपनीच्या हातात होत्या. मॅंगनीजशिवाय चांगले पोलाद होत नाही आणि पोलादाशिवाय युद्ध होत नाही. म्हणजे महायुद्धाचे एक टोक आपल्या जिल्ह्याच्या जमिनीतच होते. खाणीत दगड फोडणारा मजूर, तेंदूपत्ता तोडणारी आणि विडी वळणारी बाई, यांच्या घरात रेडिओ कुठून येणार? रेडिओला पैसे लागत, परवाना लागे. ज्यांच्याकडे तो होता, त्यांच्या ओसरीवर यांना बसायला मिळत नव्हते. ज्याला 'जनमत' म्हणून नोंदले गेले, ते ओसरीवरचे मत होते.

त्या मताला कोण खतपाणी घालत होते? 'केसरी'ने १९२० आणि १९३० च्या दशकांत मुसोलिनीच्या इटलीचे कौतुक करणारे लेख छापले. नागपूरचे डॉ. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटून आले. १ ऑगस्ट १९३८ च्या पुण्याच्या सभेत सावरकरांनी जर्मनीच्या नाझीवादाची बाजू घेतली. १९३९ साली नागपुरातूनच गोळवलकरांचे पुस्तक निघाले, त्यात जर्मनीने ज्यूंचे जे केले त्यातून हिंदुस्थानने धडा घ्यावा असे म्हटले होते. नागपूर भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटर. हे दूरच्या देशातले नाही, आपल्या शेजारचे आहे. नेहरूंसह काँग्रेसमधले अनेक जण फॅसिझमचे कडवे विरोधक होते, हेही मान्य केले पाहिजे. पण 'शत्रूचा शत्रू तो आपला मित्र' हे सूत्र वर्णवर्चस्ववाद्यांच्या बैठकीत सहज पचले, कारण जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था त्यांना परकी वाटतच नव्हती.

अशा वेळी बाबासाहेब कुठे उभे होते? ऑक्टोबर १९३९ मध्ये मुंबई विधानसभेत युद्धावर चर्चा झाली, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की देशाचे हित आणि अस्पृश्यांचे हित यांत संघर्ष आला तर ते अस्पृश्यांचे हित आधी पाहतील. हे वाक्य आजही आपल्या विरोधात वापरले जाते. खरे तर ते लपवायचे नाही, मोठ्याने सांगायचे आहे. १९३० पासून 'जनता' पत्र चालू होते ते याचसाठी, की जगातल्या घडामोडींवर आपले मत आपल्या गरजेतून ठरावे, दुसऱ्याच्या अग्रलेखातून नव्हे.

१३ नोव्हेंबर १९४२ रोजी, मजूरमंत्री झाल्यावर चारच महिन्यांनी, बाबासाहेब मुंबई रेडिओवरून बोलले. विषय होता हिंदी कामगाराला हे युद्ध का जिंकायचे आहे. इंग्रजधार्जिण्या माणसाने काय सांगितले असते? राजा वाचवा, साम्राज्य वाचवा. बाबासाहेबांनी सांगितले की नाझींची नवी व्यवस्था कामगाराला नको, पण जुनी व्यवस्था परत आणण्यासाठीही तो लढत नाही. त्याचे युद्ध दोन्हींशी आहे. नुसते स्वातंत्र्य पुरेसे नाही, ते कोणाच्या हातात जाणार हा प्रश्न आहे, असेही ते बोलले. सरकारच्या रेडिओवर, सरकारचा मंत्री म्हणून! इंग्रजी खंड दहामध्ये हे भाषण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांना तेच पाठवा.

ऑगस्ट १९४२ मध्ये तुमसरला गोळीबार झाला, आष्टी-चिमूरला माणसे मेली. त्या बलिदानाला कमी लेखण्याचे आपल्याला कारण नाही. तसेच युद्धाच्या कोळशासाठी १९४३ साली बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम करण्यावरची बंदी उठवली गेली आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना केंद्रीय विधिमंडळात त्याचे तात्पुरता उपाय म्हणून समर्थन करावे लागले, हेही झाकू नये. ती बंदी १९४६ साली पुन्हा लागू झाली. सत्तेत बसल्याची ती किंमत होती, आणि ती खाणीतल्या बायकांनी मोजली.

परक्याच्या प्रचाराला भुलणे ही एक गोष्ट झाली. आपल्याच माणसाच्या आवाजाने भुलणे जास्त महाग पडते. जून १९६७ च्या युद्धात कैरोच्या 'सौत अल-अरब' केंद्रावरून अहमद सईद इस्रायलची विमाने पाडल्याच्या बातम्या देत होते आणि इजिप्तचे हवाई दल पहिल्या काही तासांतच जमिनीवर जळून गेले होते. अरब श्रोत्यांनी आपला म्हणून त्या आवाजावर विश्वास ठेवला होता. तो उडाला तो कायमचा. आपल्याकडची चॅनेलं युद्धाच्या रात्री परक्या शहरांवर कब्जा करून मोकळी होतात, तेव्हा मला हेच कैरो केंद्र आठवते.

मे १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि आपल्याच जिल्ह्याने त्यांना काँग्रेसच्या बोरकरांसमोर सुमारे आठ हजार मतांनी पाडले. तीन महिन्यांनी, २६ ऑगस्टला, ते राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलायला उभे राहिले. पंचशीलाचा तेव्हा देशभर जयजयकार चालला होता. तिबेट चीनच्या हवाली करून आपण चिनी सरहद्द स्वतःच्या दारात आणून ठेवली, असे त्यांनी सभागृहात सांगितले. मग १९६२ साल उजाडले.