रद्दीच्या दुकानातील साधने : वर्धा जिल्ह्यातील जुन्या ‘वेस्टर्न’ कादंबऱ्यांचा शोध

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याच्या वाचनसंस्कृतीचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच सेवाग्राम व पवनारकडे जाते. १९३६ मध्ये महात्मा गांधी सेगाव येथे वास्तव्यास आले, त्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली आणि १९३७ च्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला. या परंपरेतील ग्रंथ, पत्रे व नियतकालिके जपली गेली आहेत. मात्र याच जिल्ह्यातील रद्दीच्या दुकानांत अधूनमधून वेगळ्याच प्रकारची पुस्तके हाती लागतात. मुखपृष्ठावर घोडेस्वार, कमरेला पिस्तूल, आत पिवळी पडलेली पाने. ‘वेस्टर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या इंग्रजी कादंबऱ्यांचा शोध इतिहासाच्या दृष्टीने का महत्त्वाचा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाङ्मयप्रकाराचे स्वरूप

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील जीवन हा या कादंबऱ्यांचा विषय होय. ओवेन विस्टर यांची ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) आणि झेन ग्रे यांची ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ (१९१२) यांनी या प्रकाराला स्थिर रूप दिले. पुढे लुई लामूर (१९०८–१९८८) यांनी तो घरोघरी नेला. भारतीय वाचकांत विशेष प्रिय ठरलेली ‘सडन’ मालिका मात्र ऑलिव्हर स्ट्रेंज या इंग्रज लेखकाची होती. तिची पहिली कादंबरी १९३० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९५० पर्यंत एकूण दहा कादंबऱ्या निघाल्या. चित्रपटांनीही या वाचनाला बळ दिले. विल हेन्री यांच्या १९६३ च्या कादंबरीवरील ‘मॅकेनाज गोल्ड’ (१९६९) भारतात लोकप्रिय झाला आणि ‘शोले’ने (१९७५) हीच शैली चंबळसदृश मुलखात आणली.

नोंदींतील पोकळी

मराठीतील लोकप्रिय वाङ्मयाची स्थिती तुलनेने बरी आहे. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांच्या झुंजार व काळापहाड यांच्या कथा समीक्षकांनी दुर्लक्षिल्या, तरी त्या येथेच छापल्या गेल्या. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार देशात छापलेल्या पुस्तकांची नोंद होत असे. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठविण्याचे बंधन घातले. परदेशात छापून येथे आयात झालेल्या स्वस्त कादंबऱ्यांना मात्र हा नियम लागू नव्हता. अनुदानित ग्रंथालयांचा ओढा मराठी व उपयुक्त ग्रंथांकडे होता. अशी पुस्तके भाड्याने देणारी छोटी खासगी वाचनालये बंद पडली, तेव्हा त्यांच्या वह्याही रद्दीत गेल्या. परिणामी एका संपूर्ण पिढीच्या वाचनाचा हा भाग कोणत्याही सूचीत सापडत नाही.

प्रत हेच साधन

अशा स्थितीत प्रत्यक्ष प्रत हाच पुरावा ठरतो. प्रस्तुत लेखकाला मिळालेल्या ‘सडन’ मालिकेतील एका प्रतीवर वाचनालयाचा अर्धवट पुसलेला शिक्का आहे, परतीच्या तारखांची चिठ्ठी आहे आणि कठीण इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीने लिहिलेले मराठी अर्थ आहेत. ही शेवटची खूण सर्वांत बोलकी आहे. मराठी माध्यमातून शिकलेला कोणी तरुण या कादंबरीच्या आधारे इंग्रजी वाचनाचा सराव करीत होता, असे तिच्यावरून म्हणता येते. जे पुस्तक वर्गात कोणी हाती दिले नसते, त्याने शिक्षकाचे काम केले होते.

तथापि येथे सावधगिरी आवश्यक आहे. वर्धा हे मुंबई–नागपूर मार्गावरील जंक्शन असून रद्दी एका गावाहून दुसऱ्या गावी सहज जाते. त्यामुळे वर्ध्यात सापडलेले पुस्तक वर्ध्यातच वाचले गेले, असे गृहीत धरता येत नाही. गावाचे नाव असलेला शिक्का, विक्रेत्याची चिठ्ठी किंवा स्वाक्षरी असेल, तरच स्थानिक वाचनाविषयी विधान करणे योग्य ठरेल.

समारोप

वर्ध्यात पुराणवस्तूंच्या दुकानांची परंपरा नाही. येथे जुने पुस्तक किलोच्या भावाने विकले जाते. घर आवरताना बाहेर काढलेली ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते, तेथून गठ्ठा कागद कारखान्याकडे निघतो. अभ्यासकाला मिळणारा अवधी या दोन टप्प्यांमधील काही दिवसांचाच असतो. महाविद्यालयातील इतिहास व इंग्रजी विभागांनी विद्यार्थ्यांकरवी अशा प्रतींवरील शिक्के, किमती, स्वाक्षऱ्या आणि प्राप्तिस्थान यांची साधी नोंदवही ठेवल्यास हे साधन काही अंशी वाचू शकेल. सेवाग्रामच्या ग्रंथांइतके मोल या कादंबऱ्यांना कोणी देणार नाही आणि देण्याची गरजही नाही. परंतु जिल्ह्यातील लोक काय वाचत होते, हा प्रश्न विचारायचा असेल, तर त्यांनी आवडीने वाचलेले पुस्तक वगळून त्याचे उत्तर देता येणार नाही.