गाडी उचलली, पण अॅक्सल तिथंच राहिला

गेल्या पंधरवड्यात तिघांनी एकच गोष्ट विचारली. दोघं अहमदपूरकडचे, एक मुखेडचा. "दादा, थार घेतलीय. शेतात जायचं तर लिफ्ट किट टाकू का? दोन इंच टाकू का तीन? शॉकअप कुठले घेऊ?" फोनवर हे सांगून होत नाही. शिवाय या नादात मी स्वतः एकदा चांगला तोंडावर पडलोय, म्हणून जरा मागून सुरुवात करतो. पोस्ट लांब आहे, सोयाबीन मळून झालं की निवांत वाचा.

आमच्या आजोबांच्या गाडीला पाटे नव्हते, शॉकअप नव्हते, काहीच नव्हतं. बाभळीचं चाक, त्यावर लोखंडी धाव, मधून आख आणि वर साटी. झटका बसला तर तो सरळ माणसाच्या मणक्यात. आजारी माणूस न्यायचा असला की साटीत हातभर कडबा अंथरायचा, त्यावर दोन वाकळी. तेच त्या गाडीचं सस्पेन्शन! पण एक गोष्ट त्या गाडीत होती, जी आजच्या कुठल्याच जीपमध्ये नाही. चाक साडेचार फुटांचं असेल तर आख जमिनीपासून सव्वादोन फुटांवर येतो. म्हणजे सत्तावीस इंच. मृगाच्या पावसात पांदीत गुडघाभर चाकोरी पडली तरी आख चिखलाला लागायचा नाही. बैल दमायचे, पण गाडी पोटावर बसायची नाही.

पाटे आमच्या भागात आले ते टांग्यांबरोबर. लोखंडी पाटे एकावर एक रचून गाडी त्यावर टेकवायची युक्ती विलायतेत जुनी. १८०४-०५ च्या सुमारास ओबाडाया इलियट नावाच्या इंग्रज कारागिरानं अंडाकृती पाट्यांची जोडणी काढली आणि बग्ग्या हलक्या झाल्या. शॉकअपची तेव्हा गरजही नव्हती. पाटा वाकतो तेव्हा एक पान दुसऱ्यावर घासतं आणि त्या घासण्यात झटका थोडा मुरतो. म्हणून पाट्यांची गाडी शॉकअप गेले तरी कशीबशी चालते, पण नुसत्या कॉइल स्प्रिंगची गाडी शॉकअप गेल्यावर बेडकासारखी उड्या मारते.

लातूरकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथंच सांगतो. बार्शी लाइट रेल्वे आपल्याला फक्त "जुनी छोटी गाडी" म्हणून आठवते. ती बांधणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप वजनाच्या वाटणीचा माणूस होता. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी गेज सुरू झाली आणि १९११ मध्ये ती लातूरला आली. त्याचा आग्रह असा की इंजिन असो वा डबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. त्यामुळं हलक्या, यार्डाला तीस पौंडांच्या रुळांवर चांगला माल ओढता आला. आपल्याकडं आज जमीन दबण्याची चर्चा चालते, कृषी विद्यापीठातली मंडळी ओल्या रानात जड ट्रॅक्टर घालू नका म्हणून सांगतात, तिचं मूळ याच हिशेबात आहे. एकूण वजन किती हे नंतर, आधी एका आसावर किती आणि टेकतं किती जागेवर ते बघायचं.

रस्त्यावरची मोटार आली निझामाच्या काळात. निझाम सरकारच्या रेल्वेनं १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. पण बस ही सडकेची चीज. शेतापर्यंत येणारी पहिली मोटार म्हणजे जीप, आणि ती युद्धाची अवलाद. महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी १९४५ ला निघाली, १९४७ पासून त्यांनी विलीज जीप इथं जोडायला सुरुवात केली आणि १९४८ ला कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात आपला मराठवाडा निझामाच्या हातून सुटला. पुढची कित्येक वर्षं तहसीलदार, बीडीओ, पुढारी, दूध संघ, सगळे याच जातीच्या जिपेतून फिरले. पुढंही पाटे, मागंही पाटे, दोन्हीकडं सरळ अॅक्सल.

आता एक आकडा नीट बघा. युद्धातल्या विलीज जिपेचा ग्राउंड क्लिअरन्स पावणेनऊ इंच, म्हणजे साधारण २२२ मिलिमीटर. २०२० ला आलेल्या नव्या थारचा २२६ मिलिमीटर. इंजिन बदललं, एसी आला, पाट्यांच्या जागी कॉइल आल्या, पण पाऊणशे वर्षांत जमिनीपासूनची उंची चार मिलिमीटरनं वाढली. कारण सोपं आहे. ही उंची ठरते मागच्या अॅक्सलवरच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावरून, आणि तो गोळा चाकाच्या मधोमध बसलेला. टायर जेवढा उंच, त्याच्या निम्म्यावर अॅक्सल. लिफ्ट किट चेसी उचलतं, बॉडी उचलतं. सरळ अॅक्सलचा गोळा एक सुतभरसुद्धा वर येत नाही. तो वर आणायचा एकच मार्ग, उंच टायर. टायरची उंची दोन इंच वाढली तर गोळा एक इंच वर.

हे मला कळलं ते असं.

माझ्याकडं जुनी एमएम ५४० होती. पांदीत दोनदा फसली म्हणून गॅरेजला नेली आणि म्हणलं, "उस्ताद, उचला गाडी." त्यांनी दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले आणि लांब शॅकल टाकले. गाडी अशी रुबाबदार दिसायला लागली की गावातली पोरं फोटो काढायला यायची. शॉकअप मात्र जुनेच ठेवले, खर्च वाचवला. त्याच भाद्रपदात आई गोठ्यात घसरून पडली, खुबा मोडला. शेतातल्या घरापासून सडक तीन किलोमीटर, वर पावसाची झड. मागं गादी टाकून तिला निजवलं. वाढवलेल्या पाट्यांना दाबायला गाडीत वजनच नव्हतं. प्रत्येक ढेकळावर मागची बाजू उडायची. शॉकअप आखूड, ते आतल्या आत खटकन ताणले जायचे. आईनं पदर दातात धरला होता, ओरडली नाही. ओढ्याच्या अलीकडं ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोरी पाडलेली, मधे मातीचा उंचवटा. एवढी उचललेली गाडी त्या उंचवट्यावर बरोबर डिफरन्शियलवर बसली. चारी चाकं गरगर फिरायला लागली. शेवटी बाज आणली, चौघांनी आईला बाजेवरून सडकेपर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी चुलत्याच्या देवणी जोडीनं जीप ओढून काढली. बैलगाडीचा आख सव्वादोन फुटांवर असायचा हे मी त्या दिवशी, बैलांच्या मागं चालताना, मनात मोजलं.

उस्तादांना मी दोष देत नाही, त्यांनी शिकले तेच केलं. आणि ते कुठं शिकले हाही इतिहासच आहे. लातूर-उदगीर, नांदेड-देगलूर, अहमदपूर-लोहा या सडकांवर एकेकाळी काळी-पिवळी चालायची. नऊ-दहा माणसांच्या गाडीत पंधरा-अठरा माणसं, टपावर पोती, मागं लोंबकळणारे वेगळेच. माळेगावच्या यात्रेला तर विचारूच नका. पाटे रोज तुटायचे. आमच्या गॅरेजवाल्यांची सगळी विद्या त्या ओझ्यातून आली: गाडी बसली की पाटा वाढव. काळी-पिवळीला ते औषध बरोबर होतं. तेच औषध एकटा माणूस आणि युरियाच्या चार गोण्या नेणाऱ्या जिपेला दिलं की गाडी दगड होते. पाटा इतका कडक की चाक खड्ड्यात उतरतच नाही, हवेत राहतं, आणि हवेतल्या चाकाला पकड कसली?

दुसरी विद्या आली बाहेरून. आज दुकानात मिळणारी बरीच नामांकित किटं ऑस्ट्रेलियन घराण्याची. ओल्ड मॅन ईमू हे नाव ऐकलं असेल, ते एआरबी कंपनीचं, जी मेलबर्नमध्ये टोनी ब्राउन यांनी १९७५ ला काढली. तिकडं मुरमाचे शेकडो किलोमीटर रस्ते, पत्र्यासारखे पन्हाळीदार, त्यावर भरलेली गाडी वेगात चालवायची. तासन्‌तास चाक वरखाली झालं की शॉकअपमधलं तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप मऊ पडतो. म्हणून त्यांनी जाड नळी, जास्त तेल, आत नायट्रोजनचा दाब असली सोय केली. माल उत्तम आहे, वाद नाही. पण आपल्या पांदीत गाडी ताशी दहाच्या पुढं जात नाही, तेल तापायला वेळच मिळत नाही. आपला वैरी उष्णता नसून चिखल आहे. रोज सडकेनं नांदेड-लातूर करणाऱ्याला भारी शॉकअपचा फायदा नक्की आहे, नुसत्या रानात जाणाऱ्यानं तेवढे पैसे ओतण्याआधी विचार करावा.

मग लिफ्ट अगदीच फालतू का? नाही. उंच टायर बसवायचा तर चाकाच्या कमानीत जागा लागते, ती लिफ्टनं मिळते. बांधावरून उतरताना गाडीचं पोट घासत नाही, पुढचा बंपर ओढ्याच्या काठाला टेकत नाही. पण दीड-दोन इंचांच्या वर गेलं की बाकीची सोयरीक बिघडते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर जातात, स्टेअरिंगचे रॉड तिरके होतात आणि खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढते. २०१० च्या थार सीआरडीईला पुढं टॉर्शन बार आहे. तो बोल्ट कसला की गाडी फुकटात वर येते, म्हणून बरेच जण कसतात. त्यानं पुढच्या एक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही. फुकटचं नंतर महागात पडतं. नव्या थारला कॉइलखाली ठोकळे ठेवून देतात, त्यात स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी उंच दिसते.

किट घेताना दुकानदार विचारेल कंपनी कुठली. तुम्ही त्याला विचारा, हे किती वजनासाठी आहे? चांगल्या कंपन्यांच्या एकाच गाडीसाठी हलक्या, मध्यम, जड भाराच्या वेगवेगळ्या स्प्रिंग असतात. आपल्या वर्षातले तीनशे दिवस आठवा, सोयाबीन बाजारात नेण्याचे चार दिवस नाही. आणि शॉकअप मोजून घ्या. जॅकवर चेसी उचलून चाक पूर्ण लोंबू द्या, तेव्हा शॉकअप ताणून संपता कामा नये. उलट चाक पूर्ण वर दाबलं की रबरी ठोकळा आधी टेकला पाहिजे, शॉकअप आतून बसला नाही पाहिजे. माझ्या गाडीचं पहिलं चुकलं होतं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ ला निकाल दिला: कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. एमएच २४ असो वा एमएच २६, उंच गाडी आरटीओच्या डोळ्यात आधी भरते, आणि अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न तोच विचारतो.

मी नंतर काय केलं? वाढवलेले पाटे काढले, मूळ पाटे सोडवून घासून परत बांधले, बुश नवीन टाकले, मूळ मापाचे चांगले शॉकअप घातले. टायर एक माप उंच, खोल नक्षीचे घेतले. आणि पांदीत शिरताना हवा १८-२० पीएसआयवर आणतो, सडकेला लागलं की छोट्या कॉम्प्रेसरनं परत भरतो. कमी हवेनं टायर पसरतो, माती कमी दबते, झटकाही टायरातच मुरतो. काळ्या रानात याच्याइतकं स्वस्त सस्पेन्शन मला अजून सापडलेलं नाही. तरी भर पावसात, वाफसा नसताना, मी आता गाडी ओढ्याच्या पलीकडं नेतच नाही. आमच्या पांदीसाठी मातोश्री पाणंद रस्ते योजनेत अर्ज दिलाय. बांधावरच्या दोन भावकीतल्या घरांची सही अजून बाकी आहे, दिवाळीत बसून बघू.

आई आता काठी घेऊन चालते. जिपेत बसायचं म्हणलं की अजून आधी मागं गादी आहे का बघते.

ज्यांच्या घरी जुन्या बैलगाडीचं चाक अजून आहे, त्यांनी टेप लावून उंची आणि गावाचं नाव खाली लिहा. कंधार-लोह्याकडची चाकं निलंगा-औशाकडच्यापेक्षा मोठी असायची असं आमचे आजोबा म्हणायचे, मला ते एकदा मोजून बघायचंय.