गोष्टीतलं कोर्ट



नातीनं दिलेली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी शब्दकोश शेजारी ठेवून एकदाची संपवली. मग त्यातलं कोर्ट खरंच कुठं आहे का, ते शोधत बसलो. मास्तरांची खोड, दुसरं काय!

कोर्ट आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मन्रोव्हिल या छोट्या गावात, भर चौकात. १९०३-०४ साली बांधलेली, घड्याळाच्या घुमटाची विटांची इमारत. लेखिका हार्पर ली १९२६ साली याच गावात जन्मली. तिचे वडील वकील. १९१९ साली त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या दोन कृष्णवर्णीयांची बाजू मांडली, पण दोघांनाही फाशी झाली. कादंबरीतला अ‍ॅटिकस वकीलही एका निरपराध कृष्णवर्णीयासाठी जिवाचं रान करतो आणि ज्युरीपुढे हरतो.

कादंबरी १९६०ची; पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. १९६२च्या चित्रपटासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत याच न्यायदालनाची प्रतिकृती उभारली होती. १९६३ साली शेजारी नवं कोर्ट झालं. जुन्याचं पुढं संग्रहालय झालं. १९९०च्या सुमारास तिथं या कादंबरीचं नाटक होऊ लागलं. गावकरीच नट, आणि ज्युरी प्रेक्षकांतून निवडलेली. लांबून लोक येत आणि डोळे पुसत बाहेर पडत.

इथवर वाचून मी खूष होतो. पुढचं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

१९८७ साली याच गावातल्या एका खुनासाठी वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीयाला पकडलं. खून झाला त्या वेळी तो घरी होता, असं सांगणारे अनेक साक्षीदार होते. तरीही खोट्या साक्षीवर त्याला दोषी ठरवलं. ज्युरीनं जन्मठेप सुचवली असताना न्यायाधीशांनी देहदंड दिला. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलानं चिकाटीनं लढून १९९३ साली त्याला सोडवलं. म्हणजे गावात नाटकाला टाळ्या पडू लागल्या, तेव्हा गावचाच एक निरपराध माणूस मरणाची वाट पाहत कोठडीत बसला होता.

गावाला नावं ठेवायला मी कोण? चाळीसेक वर्षं मीही वर्गात न्यायाच्या गोष्टी रंगवून सांगितल्या. मुलांचे डोळे भरून आले की धडा पोचला, असं समजायचो. मागच्या बाकावरच्या एखाद्याला ऐकीव गोष्टीवरून छडी मारली नसेल कशावरून? आता आठवू पाहतो, आणि एकदोन चेहरे आठवतातही.

गोष्टीतल्या निरपराधासाठी रडणं सोपं असतं मंडळी. शेजारचा ओळखता यायला हवा.